राब का भाजायचा?



एप्रिल सरत आला की आपल्या महाड-पोलादपूरच्या गावांवर संध्याकाळी एक निळसर धूर बसतो. तो चुलीचा नसतो, भाजावळीचा असतो. कुणाच्या दाढीचा राब पेटलेला असतो, तर कुणाचा उद्या पेटायचा असतो. आपण लहानपणापासून हे पाहत आलो आणि करतही आलो. कवळ तोडली, भारे वाहिले, शेण पसरलं, पातेरा गोळा केला, माती टाकली आणि काडी लावली. पण हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं?

आमच्या एका गटाच्या बैठकीत हा प्रश्न आला. देशावरून सून म्हणून आलेली एक मुलगी सहज म्हणाली, "आत्या, चांगल्या झाडाच्या फांद्या तोडून मातीवर कशाला जाळता? राखच हवी असेल तर चुलीतली नेऊन टाका की." आम्ही सगळ्या हसलो, पण उत्तर कुणालाच देता येईना. "रोप चांगलं येतं," एवढंच प्रत्येकीला ठाऊक. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सत्तरीच्या एक आजी बोलल्या, "राख कुठली गं बाय, मातीला आच लागते. भाजल्याबिगर माती जागी नाय होत."

आम्ही समन्वयक बाया घरी गेलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं, थोडं विचारलं. तेव्हा कळलं, की या एका प्रश्नावर आपल्याच जिल्ह्यात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. सरकारी आयोग बसला, विलायतेहून शास्त्रज्ञ आले, पुण्यात प्रयोग झाले. आणि शेवटी त्यांचं जे म्हणणं ठरलं, ते या आजींच्या म्हणण्यापासून फार लांब नव्हतं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

दही, कोंबडी आणि बी

आधी स्वयंपाकघरातून सुरुवात करू. विरजण लावताना आपण दुधात बोट बुडवून पाहतो. दूध कोमट हवं. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण विरजणातले बारीक जीव मरतात. थंडीच्या दिवसांत तेच विरजण रात्रभरात लागत नाही, म्हणून भांडं चुलीजवळ ठेवतो किंवा घोंगडीत गुंडाळतो. जीव तेच आणि दूधही तेच, फरक पडतो तो उबेचा.

खुडूक कोंबडीचंही तसंच. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश ऊब एकवीस दिवस मिळाली की पिल्लू बाहेर येतं. कोंबडी मध्येच उठून गेली तर अंडं थंड पडतं आणि फुकट जातं. आपल्या काही गटांनी पिल्लं आणून वाढवली आहेत, त्यांना हे नीट ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात बल्बखाली पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतं आहे. त्यासाठी थर्मामीटर नसला तरी चालतं.

यूलियस झाक्स नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६० साली ही गोष्ट झाडांच्या बाबतीत मांडली. प्रत्येक वाढीला तीन तापमानं असतात, असं त्यानं दाखवलं. एक असं, की ज्याच्या खाली वाढ होतच नाही. दुसरं असं, की जिथे वाढ सर्वांत जोमानं होते. आणि तिसरं असं, की ज्याच्या वर वाढ थांबते. आपल्या भाताचं पाहा. दहा अंशांच्या खाली बी उगवत नाही. वीस ते पस्तीसच्या दरम्यान चांगलं उगवतं. पंचेचाळीसच्या वर पुन्हा उगवत नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की हाच धडा डोळ्यांनी दिसतो. खाली महाडला आंबा, काजू, भात, आणि वर तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर स्ट्रॉबेरी. सावित्री नदी तिथेच उगम पावते आणि आपल्या दारावरून जाते. दर हजार मीटर उंचीला साधारण सहा अंश ऊब कमी होते. तेवढ्या फरकानं अख्खं पीक बदलतं.

म्हणजे उष्णता जगवते आणि मारतेही. कोणाला किती आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं. राबाचं मर्म इथेच आहे.

कवळीवरून झालेला वाद

आता मागे जाऊ. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं; रायगड हे नाव १९८१ साली आलं. इंग्रज सरकारनं १८७८ साली जंगलाचा कायदा केला. जंगलं राखीव झाली. त्याआधी गावकरी डोंगरावरच्या झाडांची कवळ राबासाठी तोडत. ऐनाची झाडं तर यासाठीच राखलेली असत. दरवर्षी फांद्या छाटून छाटून ती झाडं खांबासारखी दिसत. जंगल खात्याच्या साहेबांना ते बघवेना. त्यांच्या लेखी ती लाकडाची नासाडी होती. एवढ्या फांद्या जाळून हातभर रोप वाढवायचं, यापेक्षा सरळ शेणखत घाला, असं त्यांचं म्हणणं.

शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. कवळ बंद झाली तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचीही तीच गत, कारण तिचंही रोप राबावरच होतं. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारनं १८८५ साली खास आयोग नेमला. मुंबई इलाख्याचा जंगल आयोग असं त्याचं नाव. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्या सगळ्या चौकशीतला एक कळीचा प्रश्न होता.

विचार करा मैत्रिणींनो. कवळीचा भारा हा विषय सरकारदरबारी गेला. एकरी किती भारे लागतात, फांद्या कुठून आणायच्या, याचा हिशोब झाला. पण तो भारा डोंगरावरून कुणाच्या डोक्यावर खाली आला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ते आपल्या मानेला माहीत आहे.

त्यानंतर १८८९च्या डिसेंबरात डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे विलायती शेती-रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. वर्षभर फिरून त्यांनी देशाच्या शेतीवर मोठा अहवाल लिहिला. तो १८९३ साली छापला गेला. त्यात राबाचाही विचार आहे. व्होल्कर यांचं एक मत फार महत्त्वाचं आहे. इथला शेतकरी अडाणी नाही, साधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतींत त्याहून सरस आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. शेतकरी एखादी गोष्ट पिढ्यान्पिढ्या करत असेल तर आधी तिचं कारण शोधा आणि मग ती बंद करायची भाषा करा, अशी त्यांची पाहण्याची रीत होती.

पण राबाचं कारण अजून उलगडलेलं नव्हतं. ते राखेत आहे की आचेत, एवढाच प्रश्न उरला होता. बैठकीत त्या सुनेनं विचारलेला प्रश्नही हाच होता.

पुण्यातला प्रयोग

या कोड्याची एक किल्ली इंग्लंडात सापडली. तिथल्या रॉथमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन या दोघांनी १९०९ साली एक गोष्ट दाखवली. माती तापवली, तर सुरुवातीला तिच्यातले पुष्कळ सूक्ष्म जीव मरतात. पण थोड्या दिवसांनी उरलेले जीवाणू आधीपेक्षा जोरात वाढतात. मेलेल्या जीवांचं शरीर त्यांना खाद्य होतं आणि त्यातून मातीत अमोनिया म्हणजे पिकाला लागणारा नत्र मोकळा होतो. असं का होतं याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पुढे काही अंशी बदललं. पण तापवलेल्या मातीत नत्र वाढतो, हे टिकून राहिलं.

तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते डॉ. हॅरल्ड मॅन. हेच मॅन पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाले. त्यांनी जोशी आणि कानिटकर या दोन मराठी सहकाऱ्यांना घेऊन राबाचा अभ्यास केला आणि १९१२ साली तो छापला. राखेचं खत आणि मातीची भाजणी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून तपासल्या. निष्कर्ष असा निघाला, की राबाचा मुख्य गुण मातीला मिळणाऱ्या उष्णतेत आहे. राखेचा फायदा होतो, पण तो दुय्यम.

"राख कुठली गं बाय, मातीला आच लागते." आमच्या आजींनी कुठला अहवाल वाचलेला नाही. त्या शाळेतही गेलेल्या नाहीत. पण साठ पावसाळे राब भाजून, रोप उपटून, लावणी करून त्यांनी जे पाहिलं, तेच पुण्यात मोजून सिद्ध झालं.

आच मातीत काय करते?

आता हे नीट समजून घेऊ, कारण पुढचा निर्णय यावरच घ्यायचा आहे.

राब रचायची आपली रीत आठवा. खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत-पातेरा आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. ती माती उगाच नसते. तिच्यामुळे राब भडकत नाही, धुमसत राहतो. पेटवतानाही वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतो, म्हणजे आग सावकाश सरकते. भडकलेली आग वर जाते. धुमसणारी आच खाली मातीत उतरते. माती उष्णता सावकाश वाहते, म्हणून वरचे दोन-तीन इंच चांगले भाजतात आणि हातभर खाली फारसा फरक पडत नाही. दाढीला तेवढंच पुरतं.

त्या वरच्या थरात चार गोष्टी होतात. पहिली, तणाचं बी मरतं. भाताचं रोप आणि तण एकत्र उगवलं तर दाढीत भांगलण करताना कोणतं काय ते ओळखू येत नाही, हे तुम्ही जाणता. भाजलेल्या दाढीत भात एकटंच वर येतं. दुसरी, किडींची अंडी आणि रोगट बुरशी मरते. साठ अंशांची ओली उष्णता अर्धा तास मिळाली तर रोपाला मारक असलेल्या बहुतेक बुरशा मरून जातात. पण सगळे जीव मरत नाहीत. काही जीवाणू स्वतःभोवती कवच करून झोपलेले असतात, ते उष्णता सोसतात आणि माती निवली की जागे होतात. सवच्या गरम झऱ्यात आपण पाय बुडवून लगेच काढतो. पण जगातल्या अशा झऱ्यांत मजेत राहणारे सूक्ष्म जीवही सापडले आहेत. जगात ऊब सोसण्याची ताकद सगळ्यांना सारखी दिलेली नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला नत्र मोकळा होतो. मृगाचा पाऊस पडून बी उगवतं, नेमका तेव्हाच तो रोपाला मिळतो.

आणि चौथी गोष्ट खास आपल्या हातांची. भाजलेली चिकण माती भुसभुशीत होते. त्यामुळे आवण काढताना रोप मुळासकट सुटतं, मुळं तुटत नाहीत, आणि मुठी बांधताना चिखलाचे गोळे झाडत बसावं लागत नाही. दिवसभर पावसात वाकून आवण काढणारीलाच याची किंमत कळते.

मग राब असाच चालू ठेवायचा का?

इथपर्यंत ऐकून वाटेल, की आमचं म्हणणं राब भाजाच असं आहे. तसं नाही. राबात शहाणपण आहे, हे मान्य. पण त्याची किंमतही आहे आणि ती बहुतेक आपण बायाच मोजतो.

एकर लावणीला साधारण चार गुंठे दाढ लागते. चार गुंठ्यांवर पसरायची कवळ, पातेरा, गवत म्हणजे किती भारे, ते मोजा. पूर्वी घरात माणसं होती. आता पुरुष मुंबई-सुरतेला, मुलं महाडच्या कारखान्यांत किंवा शाळेत. डोंगरावरून भारा आणायला उरते ती एकटी बाई. शेणही कमी झालं, कारण गुरं कमी झाली. धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो. आणि वाऱ्याची एक झुळूक फिरली, की राबाचा वणवा होतो. कुणाची गवताची गंजी गेली, कुणाची काजूची बाग गेली, असं दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात ऐकायला मिळतं.

त्यात २२ जुलै २०२१ नंतर आपली डोंगराकडे पाहायची नजर बदलली आहे. तळियेवर दरड आली, पोलादपूरच्या वाड्यांवर आली, महाड पाण्यात बुडालं. दरडी का कोसळतात याची कारणं पुष्कळ आहेत. राबामुळे दरड आली, असं कुणी म्हणू नये. पण उतारावरचं झाड छाटताना आता हात थबकतो, हे खरं. आपल्यापैकी कितीजणींनी त्या दिवशी माणसं गमावली आहेत. उतारावर जितकी झाडं उभी राहतील तितकी राहू द्यावीत, असं आज सगळ्यांनाच वाटतं.

मग काय करायचं? इथे १९१२चा तो निष्कर्ष कामाला येतो. मुख्य काम जर उष्णतेचं असेल, तर ती उष्णता फांद्या जाळूनच मिळवली पाहिजे असं नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्या डोक्यावर काय कमी ऊन असतं?

१९७६ साली इस्रायलमधल्या याकोव्ह कतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट करून दाखवली. ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं आणि कडेनं मातीत दाबून टाकायचं. ऊन आत जातं, उष्णता आत अडकते. वरची माती उघड्या जमिनीपेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त तापते. राबासारखी भट्टी काही होत नाही. पण राब एका दिवसात विझतो आणि हे प्लास्टिक चार ते सहा आठवडे तापत राहतं. दूध कसं, तेज आचेवर लगेच निर्जंतुक होतं आणि मंद आचेवर जास्त वेळानं होतं. डेअरीत दूध बाहत्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवतात किंवा त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास. दोन्ही रीतींनी काम होतं. जास्त आच थोडा वेळ, किंवा कमी आच पुष्कळ वेळ. याला ऊन देऊन माती तापवणं म्हणा, शेतीच्या पुस्तकात सौरीकरण म्हणतात.

आमची चूक आणि आमचा अनुभव

आमच्या एका गटानं हे दोन उन्हाळे करून पाहिलं. पहिल्या वर्षी सपशेल फसलो. मे महिन्यात पाण्याची टंचाई, म्हणून कोरड्याच मातीवर प्लास्टिक अंथरलं. जूनमध्ये उघडून पाहिलं, पाऊस पडला, आणि तण नेहमीसारखंच वर आलं. सगळ्या हसल्या. नंतर कारण कळलं. कोरडं बी झोपलेलं असतं. झोपलेल्या बियाला उष्णता सहज सोसते. ओल मिळाली की बी फुगतं, जागं होतं, आणि जागं झालेल्याला आच लागते. शिवाय ओली माती उष्णता खाली नीट पोचवते. 

दुसऱ्या वर्षी वाफा आधी खणून सपाट केला, ढेकळं फोडली, धुणीभांड्यांचं उरलेलं साधं पाणी साठवून एकदा चांगलं भिजवलं आणि मग प्लास्टिक अंथरलं. शेजारी नेहमीचा राब भाजलेला वाफा ठेवला. एका बाजूला एका शेळीनं खूर घालून प्लास्टिक फाडलं. तिथे तण आलं, बाकी ठिकाणी फारच कमी आलं. लव्हाळा मात्र दोन्हीकडे आला. त्याच्या गाठी खोल असतात, त्या एवढ्यानं मरत नाहीत. रोप उपटायला आजींनाच बोलावलं. त्यांनी दोन्ही वाफ्यांतल्या दोन-दोन मुठी काढल्या, मुळं पाहिली आणि म्हणाल्या, "तण नाय, रोप बरं हाय. पण भाजल्यासारखी माती सुटत नाय." हे त्यांचं म्हणणं आम्ही तसंच इथे सांगतो. म्हणून यंदा त्या वाफ्यात आम्ही तुसाची काळी राख मिसळणार आहोत.

ती राखही आपल्या उपयोगाची आहे. डॉ. नारायण सावंत यांनी भाताची चारसूत्री लागवड सांगितली, त्यातलं पहिलं सूत्र हेच: भाताच्या तुसाची राख दाढीत मिसळायची, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्या राखेत सिलिका असते, तिनं रोपाची काडी कणखर होते. तण मारायचं काम ती करत नाही, ते उष्णतेचं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालण्याचं. बांधावर गिरिपुष्प लावलं तर पाला हाताशी मिळतो, डोंगर चढावा लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा पद्धत काढली. तिच्यात दाढ नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं. तणासाठी मात्र तणनाशक वापरावं लागतं, त्याचा विचार करूनच ती करावी.

जाता जाता

मैत्रिणींनो, यंदा तुम्हाला करून पाहायचं असेल तर सगळी दाढ बदलू नका. एका कोपऱ्यात खाटेएवढा वाफा घ्या. पारदर्शक, पातळ प्लास्टिक आणा. काळं नको; काळं स्वतः तापतं आणि खालच्या मातीला कमी उष्णता देतं. भिजवून मगच अंथरा, कडा दाबा, शेळ्या-कोंबड्या आवरा. चार ते सहा आठवडे ठेवा. पाऊस आला की काढून धुऊन गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी चालेल. फाटकं प्लास्टिक जाळू नका आणि शेतातही सोडू नका. आणि ज्या राब भाजणार आहेत, त्यांनी दुपारच्या वाऱ्यात भाजू नये. कडेनं जमीन खरवडून पट्टा करावा, पाण्याची कळशी आणि हिरव्या फांद्या जवळ ठेवाव्यात, आणि एकटीनं भाजू नये.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. दाढीत उष्णता आपली मैत्रीण आहे. पण भात फुलोऱ्यावर आलं की तीच वैरीण होते. फुलोऱ्याच्या वेळी पस्तीस अंशांच्या वर ऊन गेलं तर पराग वाळतात, दाणा भरत नाही आणि लोंबीत पळिंज जास्त येतं. ऑक्टोबरचं ऊन दरवर्षी कसं आहे, लोंबी कशी भरते, हे आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षांपूर्वी मोजणारे साहेब होते, आज मोजायला आपणच आहोत.

त्या देशावरच्या सुनेला आता उत्तर मिळालं आहे. पण तिनं विचारलं नसतं, तर आम्हीही शोधलं नसतं. आणि आजी बोलल्या नसत्या, तर काय शोधायचं हे कळलं नसतं. तुमच्या गावातही अशा आजी असतील. यंदाच्या भाजावळीला त्यांच्याजवळ बसा, त्या कशा रचतात, कुठून पेटवतात, का, ते विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत आपण ते एकमेकींना वाचून दाखवू.